मिठाच्या गोळ्या आणि बाळंतिणीची तहान

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करूनच ते घरी न्यायचं, अशी आमच्या गावाची रीत. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी आमचं गाव. तिथं लहानपणी मी एक मासा पाहिला होता. त्याचं शेपूट खोपोलीत होतं आणि तोंड आमच्या पाणवठ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना जांभया देत होतं. हा मासा मी दर वर्षी वीतभर वाढवत नेला. कुणी हसलं तर आणखी वाढवायची, आणि नाही हसलं तर त्याला पिल्लं द्यायची.

म्हणून आधीच सांगते. पुढं मी कुठं वाढवून लिहिलं तर ते तुम्हाला कळेल. मला ते लपवता येत नाही. पण तहान, हातांची थरथर आणि गोळ्या, ह्या तीन गोष्टींत वरून एक दाणाही टाकलेला नाही. ज्या घरात डोक्याच्या आजाराची गोळी चालू आहे आणि पाळणाही बांधायचा आहे, त्या घरासाठी हे लिहिते आहे. वैद्यकी डॉक्टरांनी शिकवावी. मी फक्त माझ्यावर काय गुदरलं ते सांगणार.

गाडी ढकलणारी

माझं सासर कर्जतला. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढायचा असला की कर्जतला तिच्या पाठीमागे जादा इंजिनं लावतात आणि ती तिला ढकलत वर नेतात. आमचे हे त्या इंजिनांच्या दुरुस्तीवर होते. माणूस अबोल. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात ते जेवढं बोलले तेवढं मी चहा गाळता गाळता बोलते.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील. ऐन चैत्रात माझी झोप उडाली आणि दमणूक मात्र येईना. आळीतल्या सगळ्या घरांची भांडी मी घासून दिली, नको म्हणाले त्यांचीही. सासूबाईंचं ठेवणीतलं लुगडं दारी आलेल्या भिकारणीला नेसवलं. गाणी इतक्या मोठ्यानं म्हटली की माथेरानची माकडं चौकशीला खाली नेरळपर्यंत आली. मग एका दुपारी पदर खोचून मी रुळांवरून घाटातल्या ठाकुरवाडीच्या दिशेनं निघाले, कारण मला पक्कं कळलं होतं की गाडी ढकलायला इंजिनं लागतच नाहीत, माझे दोन हात पुरेत.

ही गोष्ट पुढं मी इतक्यांदा हसत सांगितली की ऐकणाऱ्यांना त्या डब्यांचा रंग पाठ झाला. माझ्या सांगण्यात मी गाडी थेट खंडाळ्यापर्यंत ढकलते आणि गार्ड उतरून मला नमस्कार करतो. खरं एवढंच, की बोगद्याच्या तोंडाशी गँगमननं माझा दंड धरून मला बाजूला ओढलं, आणि गाडी गेली तेव्हा मी तिच्या चाकांना शिव्या देत होते.

आळीत बोललं गेलं की ठाकुरवाडीच्या बोगद्यातली बाई हिला लागली. मी हसण्यावारी नेलं. मनात मात्र तिचं नाव ठेवलं, ठाकुरवाडीवाली. आजार उतरल्यावर मला वाटू लागलं की ती गेलेली नाही, नुसती बाजूला सरकून उभी आहे. मोरीत भांडी घासताना पाठीमागे कुणीतरी पदर खोचल्याची चाहूल लागायची. वळून पाहिलं तर कुणी नसायचं. माझा पदर मात्र खोचलेला असायचा.

दोन पायांत दोन चपला

पुण्याच्या डॉक्टरांकडे ह्यांनी मला नेलं त्या दिवशी माझ्या एका पायात माझी चप्पल होती आणि दुसऱ्यात सासूबाईंची. बाकावर बसल्यावर ते ह्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आपले पाय माझ्या पायांपुढे घेतले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नयेत म्हणून. आजाराचं नाव मला त्या दिवशी नीट कळलं नाही. ते पाय लक्षात राहिले.

डॉक्टर वयानं मोठे, हळू बोलणारे. म्हणाले, मन उधाणासारखं वर जातं, मग ओहोटीसारखं खाली जातं, हा आजार आहे आणि कुठली बाई वगैरे काही नाही. औषधाचं नाव लिथियम. हे एक प्रकारचं मीठच असतं, ते म्हणाले. रक्तात ठराविक पातळीला असेल तर औषध, थोडं वर गेलं तर विष, खाली गेलं तर नुसती गोळी गिळल्याचं समाधान. म्हणून मधूनमधून रक्त तपासत राहायचं, जेवणातलं मीठ तोडायचं नाही आणि पाणी भरपूर प्यायचं.

माहेरी गेले तेव्हा आयनं विचारलं, काय दिलंय डॉक्टरनं. मी काय साधं सांगणार. म्हटलं, मला रोज पेणचं एक मिठागर खायला सांगितलंय. बाकीचे हसले. आय हसली नाही. तिनं ते गाठीला बांधून ठेवलं.

तोंड उघड

गोळ्यांनी मी ताळ्यावर आले. हातांना जरा कंप राहिला, तहान सतत लागायची, पण झोप परत आली. दोन वर्षं सरळ गेली आणि मला दिवस राहिले.

डॉक्टरांनी माझे जुने रक्ताचे अहवाल पुढं ओढले. मग म्हणाले, गोळ्या चालू ठेवल्या तर पहिल्या महिन्यांत बाळाच्या काळजाला धोका असू शकतो, बंद केल्या तर तुला आहे. पहिले तीन महिने बंद ठेवू आणि डोळ्यात तेल घालून बघू. बघितलंच. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस माझी झोप पातळ झाली आणि आमच्या सासूबाई मोरीपाशी उभ्या असल्या तरी मला तिथं दोघी दिसायच्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

आणि मग भलतंच झालं. गोळ्या आधी होत्या तेवढ्याच, पण रक्तातलं औषध उतरत चाललं. प्रत्येक तपासणीला आधीपेक्षा कमी. सासूबाई गोळीच्या वेळी माझ्या पाणी पिण्याकडे बघू लागल्या. एक दिवस गोळी गिळल्यावर त्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आ कर." मी तोंड उघडलं. "जीभ वर." जीभ वर केली. पुढच्या वेळी ह्यांनीही तेच केलं, मान खाली घालून. मी गोळ्या थुंकते, असं दोघांना वाटत होतं. हजार थापा मारलेल्या बाईनं खरं सांगितलं तर ते कुठल्या खुंटीला टांगायचं? मी सांगितलंच नाही. रोज तोंड उघडलं.

सोडवलं ते डॉक्टरांनीच. ते ह्यांना म्हणाले, बायको गोळ्या टाकत नाही. गरोदरपणात मूत्रपिंडं दुप्पट जोमानं काम करतात आणि हे औषध लघवीवाटे भराभर बाहेर जातं. त्यामुळे गोळ्या वाढवाव्या लागतील. मी भातशेतीतली, मला ते असं समजलं की बांधाची मोरी मोठी उघडली तर खाचरात पाणी टिकत नाही, वरून जास्त सोडावं लागतं. डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर, पण पुढचं ऐक. बाळंत झालीस की ती मोरी लगेच लहान होईल. तेव्हा वरचं पाणी तोडलं नाही तर खाचर बुडेल. म्हणून बाळंतपण इथंच पुण्यात करायचं. कळा सुरू झाल्या की गोळ्यांचं माप मी स्वतः उतरवीन. आणि बाळाला अंगावर पाजायचं नाही, औषध दुधात उतरतं.

परतताना गाडीत ह्यांनी माझा हात धरला. घरी त्या दिवसापासून कुणी आ कर म्हणालं नाही. सासूबाईंनी मात्र मला न विचारता लाडू वळले. माफी मागायची त्यांची ती पद्धत.

बाजेखालची शेगडी

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी खालापूरला आले. पुण्याला जायला अजून पंधरवडा होता. मार्गशीर्ष होता, खळ्यावर भात झोडणी चालली होती, आणि कळा आल्या त्या न विचारता आल्या. भागीकाकी, आमची सुईण, पीठ मळतानाचे हात तसेच घेऊन धावत आली. मुलगी झाली. ती रडली, पण लांबून रडल्यासारखी. अंग ओल्या फडक्यासारखं ढिलं. भागीकाकीनं पाय धरून तिला उलटी केली, चापट्या दिल्या, आणि तिच्या अंगावर लाली आली तेव्हा आयनं तिला आपल्या पदरात घेतलं.

ह्यांना निरोप गेला की दोघी सुखरूप. सुखरूप म्हटल्यावर आमच्याकडे कुणी पुढचं विचारत नाही. पुण्याला मला न्यायचं आहे, हे मी आयला म्हटलं. ती म्हणाली, बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाय, मग कुठं जायचं तिथं जा. गोळ्या पोटात बाळ असतानाच्या मापाच्याच चालू राहिल्या. माझ्या उशाशी डबी होती आणि आय स्वतःच्या हातानं देत होती, वेळ न चुकवता, देवाला फूल वाहावं तशी.

आता बाळंतिणीची खोली म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगते. खिडकी गोणपाटानं बंद. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा. धूर खालून वर येतो आणि अंगातून पाण्याच्या धारा लागतात. घाम निघाला की वात निघाला. पाणी मोजकं, तेही उकळून आटवलेलं, वाटीभर. जास्त प्यायली तर पोट सुटतं आणि बाळंतरोग होतो. जेवण बहुतेक अळणी. माझ्या बाबतीत तर अगदीच अळणी, कारण पायांवर सूज होती, आणि आयच्या गाठीला ते मिठागर बांधलेलं होतं. पोर रोज मिठाच्याच गोळ्या खाते, म्हणायची, आणखी भातात मीठ कशाला. डॉक्टरांच्या सगळ्या सांगण्यातलं एकच तिनं तंतोतंत पाळलं, बाळाला अंगावर पाजू दिलं नाही. गाईचं दूध बोंडल्यानं तिच्या तोंडात ती थेंब थेंब सोडायची. दिवसदिवस. कंटाळली नाही कधी.

हे लिहिताना मला आयचा राग येत नाही, हीच गोष्ट मला घाबरवते. माझ्यासाठी ती झोपत नव्हती, नाचणी भाजत होती, माझ्या डोक्यावरून मिरच्या ओवाळत होती. कुणी वाईट वागलं असतं तर मी ओरडले असते.

पाणी

तहान मला गोळ्या सुरू झाल्यापासूनच होती. ही तहान वेगळी. जीभ टाळ्याला चिकटून सोलावी लागायची. बाहेर खळ्यावर भाताच्या पेंढ्या आपटल्याचा आवाज यायचा आणि मला तो पाण्यात कपडे आपटल्याचा वाटायचा. नदी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तिचा आवाज पावसाळा सरल्यावर कधी घरात येत नाही, पण मला तो भिंतीच्या आत ऐकू येऊ लागला.

एका दुपारी सगळी खळ्यावर होती. मी बाजेवरून उतरले आणि जमीन एका बाजूनं उचलल्यासारखी कलली. हाताचा कंप आता कंप राहिला नव्हता. दोन्ही हात सूप पाखडल्यासारखे हलत होते. रांगत मोरीपर्यंत गेले. तिथं घागरीपाशी ती बसली होती. ठाकुरवाडीवाली. पदर खोचलेला, केस सुटे. ओंजळीनं पाणी पीत होती, घटाघटा, आणि माझ्याकडे वळून पाहत नव्हती. मी म्हटलं, मला दे. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, नुसती लाळ आली. तिनं ऐकलं असावं. ती पीतच राहिली.

मी मोरीत आडवी सापडल्यावर आयनं मला उचललं. मी घागर उपडी केली होती आणि तिच्यातलं चूळभर पाणीही पोटात गेलं नव्हतं, सगळं अंगावर. आयनं अंग पुसलं, कोरडं लुगडं नेसवलं, शेगडीत आणखी निखारे घातले. बाळंतिणीला गारठा लागला म्हणून.

बारसं

बाराव्या दिवशी हे कर्जतहून आले. नवऱ्यापुढे चालून जायचं म्हणून मी उठले आणि दारू प्यायल्यासारखी भिंतीला धडकले. पाळण्यात मुलीच्या कानात नाव आधी आईनं सांगायचं, मग आत्यानं, ही आमच्याकडची रीत, म्हणून मला पुढे बसवलं. रेवती, एवढं म्हणायचं होतं. दोनदा तोंड उघडलं. जो आवाज निघाला तो ऐकून मुलीच्या आत्याबाईंनी घाईनं माझी मान बाजूला केली आणि स्वतः नाव सांगितलं. माझ्या मुलीनं आपलं नाव पहिल्यांदा दुसरीच्या तोंडून ऐकलं.

नंतर माजघरात माझ्याबद्दल बोलणं झालं. मी आतच बाजेवर पडले होते; वेड्या माणसाला ऐकू येत नाही असं लोक धरून चालतात. भागीकाकी म्हणाली, बोगद्यातली परत आली, बाळंतिणीच्या वाटेनं ती नेहमी येते, भगताला बोलवा. ह्यांचं म्हणणं वेगळं. डॉक्टरांनी बजावलं होतं की बाळंतपणानंतर आजार उलटतो. तेव्हा आजारच उलटलाय, एक गोळी वाढवून बघू. आणि सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की पोर हिच्याजवळ ठेवायची नाही. हिचे हात बघा.

संध्याकाळी ह्यांनी एक गोळी जास्तीची दिली. प्रेमानंच दिली.

मला तेव्हा एक गोष्ट कळत होती, बाकी सगळं फिरत असताना ती एक खिळ्यासारखी पक्की होती. उधाणात मी वाऱ्यासारखी धावले होते, बोलण्याला खंड नव्हता. ही जी मी पडले होते तिची जीभ जड, पाय जड, डोळे मिटणारे. हा तो आजार नव्हता. खाचर बुडत होतं. पण हे सांगणार कोण? खोपोलीपासून गावापर्यंतचा मासा पाहिलेली मी, सुमन?

आणि?

दुसऱ्या दिवशी सकाळी आय शेगडी घेऊन आत आली. मी तिचं लुगडं पकडलं. हात सुटत होता, पुन्हा पकडला. मग एकेक शब्द तोंडातून काढला, विहिरीतून कळशी काढावी तसा.

"आय, ही ती नाय. गोळ्या जास्त झाल्यात. पाणी दे. पुण्याला ने, नायतर मी मरन."

आय थांबली. माझ्या बोलण्यानंतर नेहमी काहीतरी येतं, मासा येतो, मिठागर येतं, नमस्कार करणारा गार्ड येतो. ती त्याची वाट बघत होती. आयुष्यभर तिनं ती वाट पाहिली होती.

"आणि?" ती म्हणाली.

"आणि काय नाय."

तिनं शेगडी खाली ठेवली. माझ्या तोंडाकडे अशी पाहत राहिली, जशी मी नुकतीच जन्मले आहे. मग बाहेर गेली. हे कर्जतला निघायला बूट घालून उभे होते आणि भागीकाकी उताऱ्याचा नारळ घेऊन आली होती. आयचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"जावईबापू, बूट काढू नका. हिला पुण्याला न्यायची. हिनं आज बोलण्यात वरून काय घातलं नाय. जन्मात पयल्यांदा."

भागीकाकी म्हणाली, बारा दिवसांची बाळंतीण घाटात न्यायची म्हणजे तिला हातानं खाईत लोटायची, बोगद्याच्या समोरून रस्ता जातो. आय म्हणाली, काय लागायचं ते माझ्या डोक्याला लागू दे. मग ती तांब्या घेऊन आत आली. साधं, न आटवलेलं पाणी. तांब्या मला धरता येईना, तर तिनं माझं डोकं कुशीत घेतलं आणि पाजलं. अर्धं बाहेर सांडलं. मी इतकं पाणी प्यायले की पाताळगंगेची धार दोन दिवस बारीक झाली. ही थाप आहे. पण पुढचं लिहायच्या आधी जरा वेळ मागून घेतल्यासारखं वाटतं, म्हणून लिहिली.

उंबरा ओलांडताना आयनं मला उचललं, मी स्वतः पाऊल टाकून सव्वा महिन्याचा नेम मोडू नये म्हणून असेल. भागीकाकीनं नारळ बाजूला ठेवला आणि रेवतीला छातीशी धरलं. म्हणाली, "जा गं. पोरीला मी बघते." मला वाटलं, पोरीला मी शेवटची पाहते आहे. पाहणंही नीट झालं नाही, ती मला दोन दिसत होती.

पुण्याच्या गोठ्यांकडे पेंढा घेऊन जाणारा ट्रक ह्यांनी रस्त्यावर अडवला. पुढं ड्रायव्हरशेजारी आय, तिच्या मांडीवर मी, आणि हे मागे पेंढ्यावर. खंडाळ्याजवळ रूळ दिसू लागले तेव्हा ती तिथं होती. गाडी नव्हती, इंजिन नव्हतं, ती एकटी रुळांवरून चढत होती, ट्रकच्या बरोबरीनं. धापा टाकत नव्हती. मी आयला सांगितलं नाही. एकदाच खरं बोलून मिळवलेलं होतं, ते मला खर्च करायचं नव्हतं.

बाटली

डॉक्टरांनी माझे हात पाहिले, चाल पाहिली आणि रक्ताच्या अहवालाची वाट न बघता गोळ्या बंद केल्या. अहवाल आला तेव्हा ह्यांना बाहेर नेऊन त्यांनी काय सांगितलं ते ह्यांनी मला कधी सांगितलं नाही. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर, एवढेच शब्द मी दाराआडून ऐकले.

हाताला सुई टोचून वर बाटली टांगली. आय पायाशी बसली होती. तिनं सिस्टरला विचारलं, बाटलीत कसलं औषध हाय. सिस्टर बिचारी कामात होती, सहज म्हणाली, "औषध नाही हो आजी, मीठ आणि पाणी."

आय उठून गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या पाठीवरून मला कळलं. ह्या बाईनं बारा दिवस मला जे दिलं नाही नेमकं ते, एवढंसं काचेत भरून, परकी माणसं मला थेंबाथेंबानं देत होती. सिस्टर काही चुकीचं बोलली नव्हती. डॉक्टरही नंतर आयवर चिडले नाहीत. म्हणाले, घाम, अळणी जेवण, पाण्याची बंदी आणि वर गरोदरपणातल्या वाढवलेल्या गोळ्या, प्रत्येक गोष्ट एकेकटी असती तर निभावलं असतं. आय ते ऐकून म्हणाली, म्हणजे सगळं मीच केलं. कुणी तिला नाही म्हणालं नाही. मलाही म्हणता आलं नाही, जीभ अजून जड होती. आज लिहिता येतं, म्हणून लिहिते. नाही, आय.

दवाखान्याचे दिवस सारखेच असतात. सकाळी रक्त काढायचं, दुपारी डाळभात, मीठ घातलेला. त्या पहिल्या घासाला मी रडले आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं डाळीत मिरची जास्त झाली. ती आपलं दही मला देऊ लागली. मी घेतलं. जिभेवरचा गुंता सुटत गेला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या त्या दिवस राहण्याआधीच्या मापानं, आणि मीठ-पाणी पोटभर.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना एवढंच. पोटात बाळ असताना गोळ्यांचं माप बदलतं, आणि बाळ बाहेर आलं की ते पुन्हा बदलतं, झटक्यात. तेव्हा सव्वा महिना थांबू नका, रक्त तपासून घ्या. मनानं गोळ्या वाढवू नका, मनानं बंदही करू नका. बाळंतिणीला पाणी द्या. आणि तिच्या हातांना कंप सुटला, पाय अडखळले, जीभ जड झाली, तर वेड परत आलं असं म्हणण्याआधी तिलाच विचारा. तिला बहुधा ठाऊक असतं.

मांडी

गावी परत आले तेव्हा हात थांबलेले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, काही आठवडे लागतील. सासूबाई कर्जतहून आल्या होत्या आणि त्यांनी भागीकाकीला आधीच बजावलं होतं की पोर आईच्या हातात द्यायची नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. माझ्या हातातला चहाचा कप बशीवर वाजत होता.

रेवती भागीकाकीच्या कडेवर होती. ती आता ढिली नव्हती. मुठी वळत होती, आणि कुणाचा तरी शोध घ्यावा तशी मान फिरवत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि हात पाठीमागे घेतले. खोटं कशाला बोलू, मला सासूबाईंपेक्षा जास्त भीती वाटत होती. पाडली तर. तिच्या जिवाला धोका गोळ्यांपासून होता, आजारापासून होता, आणि आता माझ्या हातांपासून.

आयनं भागीकाकीकडून पोर घेतली. सासूबाई काहीतरी म्हणाल्या. आयनं ऐकलं नाही. माझ्यासमोर येऊन म्हणाली, "घे."

"हात कापतात."

"कापू देत. खाली मी हाय."

तिनं रेवतीला माझ्या हातांवर ठेवलं आणि स्वतः जमिनीवर बसली, पदर पसरून, दोन्ही तळवे वर करून, माझ्या हातांच्या बरोबर खाली. रेवती हलत होती, म्हणजे मी हलत होते. तिला ते आवडलं असावं, ती गप्प झाली. तिला काहीतरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि मला एकही गोष्ट सुचेना. तिचं नाव तेवढं म्हटलं. नीट निघालं.

मग माझं लक्ष खाली गेलं. आयचे पसरलेले तळवे माझ्या हातांपेक्षा जोरात थरथरत होते, आणि तिला तर कुणी एक गोळीही दिलेली नव्हती.